मे महिन्यातले पाणटिवळे

मी धंद्याने प्लॅनर आहे. ऑकलंडमधल्या इमारती माझ्या परवानगीने उभ्या राहतात, असं निदान मला वाटतं. काँक्रीट कधी ओतायचं, क्रेन कधी बोलवायची, रंगाऱ्यांना आत सोडायचं की सुतारांचं अजून उरकायचंय, हे मी ठरवते आणि साइटवरचे आडदांड बाप्ये मुकाट्याने ऐकतात. घरीही फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक असतं. त्यात नवऱ्याने कचऱ्याची बिन बाहेर ठेवायची वेळसुद्धा लिहिलेली असते. तो म्हणतो, उद्या यमदूत आला तरी तू त्याला अपॉइंटमेंट विचारशील. मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

तर अशा या शहाण्या बाईला एका पक्ष्याची वेळ साधता आली नाही. तो पक्षी ना कॅलेंडर बघतो ना लॅपटॉप, आणि दर वर्षी बिनचूक येतो-जातो. माझं चुकलं तेही तासा-दोन तासांनी नाही, अख्ख्या मोसमाने चुकलं.

पाणटिवळा म्हणजे चिखलात लांब चोच खुपसून किडे खाणारा, दिसायला अगदी साधा असा भुरकट पक्षी. इथे त्याला गॉडविट म्हणतात, माओरीत कुआका. हा अलास्कात अंडी घालतो आणि तिथला उन्हाळा संपला की समुद्रावरून थेट न्यूझीलंडला येतो. वाटेत कुठेही उतरत नाही. खाणं नाही, पाणी नाही, टेकायला फांदी नाही. बाबांनी हे पेपरात वाचलं आणि आपली लेक न्यूझीलंडला असते याचा त्यांना पहिल्यांदा अभिमान वाटायला लागला. त्याआधी कोणी विचारलं तर ते 'ऑस्ट्रेलियाच्या बाजूला कुठंतरी' एवढंच सांगायचे.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आई गेल्यापासून इंदापूरला एकटेच राहतात. उजनीचं पाणी तिथून जवळ, त्यामुळे पक्षी बघणं हा त्यांचा जन्माचा उद्योग. रविवारच्या फोनवर तब्येत, दूधवाला आणि भाऊबंदकी झाली की शेवटी पाणटिवळे यायचेच. "या वर्षी आले का गं तुमच्याकडं?" मी इकडे मशीनमधून कपडे काढत म्हणायची, "हो बाबा, आले असतील." मला डोंबल माहीत होतं. ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरात राहणाऱ्या माणसाला सीगल आणि चिमण्या ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसट. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा मला फोनवर एवढंच म्हणाले, "वाचायला जरा त्रास होतो." आणि थोडं थांबून, "ते तुमच्याकडचे पाणटिवळे मात्र एकदा बघायचे होते."

यावर मी लगेच तिकीट काढलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हटलं, आमचं घराचं होऊ दे. घराचं झालं. मग म्हटलं, ऑफिसात मोठं हँडओव्हर आहे, ते उरकू दे. ते उरकलं तर दुसरं आलं. बाबा प्रत्येक वेळी "बरं बरं" म्हणाले. त्यांच्या 'बरं बरं' मध्ये काय असतं हे मला कधीच कळलं नाही, आणि कळून घ्यायला माझ्या वेळापत्रकात जागाही नव्हती. शेवटी एका रविवारी त्यांनी मला फोनवरच सांगितलं की चहा कपात ओततोय असं समजून बशीत ओतला. ते हसत होते. मला हसू आलं नाही. त्याच दुपारी मी लॅपटॉप उघडून बसले.

पक्षी बघायला कधी न्यायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. पक्षी हिवाळ्यात येतात. यात विचारायचं काय? लहानपणी डिसेंबरच्या सुट्टीत बाबा आम्हाला पहाटे उठवून भिगवणला न्यायचे. कानटोपी, थर्मास, थंडगार होडी, आणि समोर पाण्यावर फ्लेमिंगोंची रांग. पक्षी म्हटलं की माझ्या कानांना आपोआप टोपी चावायला लागते. आता न्यूझीलंडमध्ये हिवाळा कधी? मेपासून. म्हणजे मे. झालं की.

वर मी खात्रीही करून घेतली, अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. गॉडविट बघायची उत्तम वेळ कोणती, असं इंटरनेटला विचारलं. उत्तर आलं, भरतीच्या आगेमागे दोन तास. पाणी वर आलं की पक्षी किनाऱ्याजवळ सरकतात म्हणून. काय आनंद झाला मला! मी भरतीचं कोष्टक काढलं. सूर्योदय काढला. वाटेत टॉयलेट कुठे आहे ते काढलं. पार्किंगपासून बाकापर्यंत बाबांना किती चालावं लागेल ते नकाशावर मोजलं. तिथे पक्षी असतील का, एवढं सोडून सगळं बघितलं.

नवरा म्हणाला, "एकदा कोणाला तरी विचारून कन्फर्म कर." मी म्हटलं, "तू तुझा डिशवॉशर नीट लाव."

बाबांना फोन केला. "बाबा, मेमध्ये या. तिकीट काढतेय."

पलीकडे सगळं शांत झालं. मला वाटलं रेंज गेली. "हॅलो? बाबा?"

"मे म्हणालीस ना?"

"हो. इथे हिवाळा सुरू होतो तेव्हा."

"बरं बरं," बाबा म्हणाले. "मे तर मे. काढ तिकीट. आजच काढ."

ते यायच्या आदल्या आठवड्यात मी केस रंगवायची वेळ घेतली होती, ती रद्द केली. साइटवर गडबड होती. आणि खरं सांगायचं तर मनात हेही आलं की बाबांना कुठे एवढं दिसणार आहे. असा विचार करणारी मुलगी देव कोणाला देऊ नये, पण बाबांना दिली.

एअरपोर्टवर ते बाहेर आले ते गळ्यात दुर्बीण अडकवून. बाहेरची माती इथे आत येऊ देत नाहीत म्हणून त्यांनी बूट घरून दात घासायच्या ब्रशने घासून आणले होते आणि तपासणाऱ्या बाईला ते कौतुकाने दाखवूनही झाले होते. तिने त्यांना "कीया ओरा" म्हटलं, यांनी "नमस्कार" म्हटलं. ते घरापर्यंत तेच सांगत होते. मी गाडी चालवता चालवता शनिवारचा कार्यक्रम सांगत होते. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही.

पहिले काही दिवस मला त्यांचा राग येत होता, हे सांगून टाकते. ते नुसते बसून आमच्याकडे बघायचे. सकाळी मी डबे भरत असले की स्वयंपाकघरात दाराशी खुर्ची ओढून बसायचे आणि मान वाकडी करून, तिरके बघायचे. पाठीवर कोणाची नजर असली की माझ्या हातून पोळी करपते. "बाबा, असं तिरकं काय बघताय? टीव्ही लावून देऊ का?" "नको नको, तुझं चालू दे." जेवायला बसलो की म्हणायचे, "तू जरा डावीकडं बस ना." आता आमच्या टेबलावर माझी जागा ठरलेली आहे. पाठीमागे फ्रिज, हाताशी ताक. मी म्हटलं, "बाबा, तिथून मला सारखं उठावं लागेल." "बरं बरं." मग ते माझ्या मुलीला डावीकडे बसवून घ्यायचे. ती बारा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. आजोबा तिच्याकडे एवढं टक लावून बघायचे की ती एकदा मला म्हणाली, "मम, डू आय हॅव समथिंग ऑन माय फेस?"

एका सकाळी मागच्या अंगणात पक्षी घुमत होता. बाबा चहाचा कप घेऊन दारातच थांबले. "हा आपला होला. ठिपक्यांचा. हा इथं कसा?"

"कोणीतरी आणून सोडला म्हणे फार पूर्वी."

"आणि राहिला?"

"राहिला."

"तुमच्यासारखाच," बाबा म्हणाले. मग नातीला जवळ बसवून सांगायला लागले की लहानपणी ते होल्यांची शिकार करायचे. छऱ्याची बंदूक होती त्यांच्या काकांची. दिवाळी झाली की ज्वारीच्या रानात होले उतरायचे, तेव्हा बंदूक माळ्यावरून खाली यायची, आणि होळीला परत वर जायची. त्यानंतर कोणी पाखरू मारून आणलं तर काका त्याला घरात जेवायला बसू द्यायचे नाहीत, कारण तेव्हा घरट्यात पिल्लं असायची. "यू किल्ड देम, आजोबा?" "मारले. खाल्लेसुद्धा. मग पहिल्या पगारात ही दुर्बीण घेतली आणि बंदूक सुटली."

मी तिथेच भरतीचं कोष्टक प्रिंट करत होते. बाबा नातीला म्हणाले, "नेम काय, सरावानं कुणाचाही बसतो. पाखरू कधी येतं आणि कधी जातं, ते कळलं पाहिजे." आणि मान वळवून तिरके माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. मला वाटलं, माझ्या कोष्टकाचं कौतुक चाललंय.

शनिवारी अंधार असतानाच निघालो. कायपाराच्या खाडीकडे, तासाभराचा रस्ता. नवरा कामामुळे घरी राहिला. मागच्या सीटवर मुलगी पांघरूण घेऊन पडलेली, शेजारी बाबा कानटोपीत, पायाशी चहाचा थर्मास आणि थालीपिठांचा डबा. रस्त्यावर त्या वेळेच्या मानाने गर्दी होती. एकामागून एक यूट, म्हणजे उघड्या हौद्याच्या गाड्या, हौद्यात कुत्री, आणि आत झाडाच्या पाल्यासारखे कपडे घातलेले पुरुष. मी म्हटलं, "पक्षी बघायला केवढे लोक जातात इथे, बघा." बाबांनी कानटोपी नीट केली.

खाडीजवळ पोचलो तेव्हा उजाडत होतं. दार उघडलं आणि लांबून धाड धाड आवाज आले. बाबांनी कान दिला. "बारा बोअर," ते म्हणाले, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. माझ्या कार्यक्रमात बंदुका नव्हत्या. मी त्यांचा हात धरून बाकापर्यंत नेलं. भरती कोष्टकाप्रमाणे मिनिटाबरहुकूम आली होती. पाणी वर, वारा कमी, ऊन पाठीमागून. सगळं चोख.

पक्षी नव्हते. पाच-सहा सीगल होते आणि एक बगळा, तोही पाठ करून उभा.

आधी मला काही कळेना. मग परत धाड धाड झालं आणि सगळं लख्ख कळलं. या मेल्यांनी गोळ्या झाडून माझे पक्षी उडवून लावले! माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाप आंधळा होत चाललाय, समुद्र ओलांडून आलाय, आणि ही माणसं शनिवारची मजा म्हणून बंदुका उडवतायत. "बाबा, इथेच बसा," असं म्हणून मी कुंपणाच्या कडेने तरातरा निघाले. मुलगी मागून "मम, डोन्ट" म्हणत आली.

पलीकडे शेतातल्या तळ्याशी पाल्याचा आडोसा केलेला होता आणि त्यातून एक साठीचा माणूस गुडघाभर चिखलात बाहेर येत होता. हातात दोन मेलेली बदकं, मागे ओला कुत्रा. मी त्याला साइटवरच्या आवाजात झापलं. तुम्हाला लाज वाटते का, संरक्षित पक्षी आहेत, अलास्काहून येतात, माझे वडील त्यांच्यासाठी भारतातून आलेत, मी तक्रार करीन. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा बदकं या हातातून त्या हातात घेतली, तेवढंच.

मग तो शांतपणे म्हणाला की आज बदकांच्या शिकारीचा पहिला दिवस आहे, मे महिन्यातला पहिला शनिवार. दर वर्षी असतो. आणि गॉडविटना कोणी हातही लावत नाही. "बट दे लेफ्ट इन मार्च, लव्ह. दे आर ऑल इन अलास्का बाय नाऊ, ऑर निअर इनफ." सप्टेंबरात येतील परत, असंही त्याने मला धीर दिल्यासारखं सांगितलं. इथे उन्हाळा असतो तेव्हाच ते असतात. हिवाळा ते बघतच नाहीत, इथलाही नाही आणि तिथलाही नाही. पक्ष्यांना एवढी अक्कल आणि मला नाही.

मी सॉरी म्हटलं. तो "स्वीट अ‍ॅज", म्हणजे चालायचंच, असं म्हणाला आणि मला थर्मासमधला चहा देऊ केला. जमीन दुभंगत नाही कधी, पाहिजे तेव्हा. मुलीने तिथल्या तिथे मला सोडलं आणि ती कुत्र्याचे लाड करायला लागली.

मी बाकाकडे परत आले. बाबा दुर्बीण डोळ्यांना लावून बसले होते, खाडीकडे तोंड करून. काय सांगणार होते मी त्यांना? की दोन महिने उशीर झाला? पुढच्या खेपेला त्यांना किती दिसेल याची खात्री डॉक्टरला नव्हती. आणि मी, जी दुसऱ्यांच्या इमारतीची कौलंसुद्धा वेळेवर आणवते, तिने बापाची ही एक गोष्ट बरबाद केली होती.

"दिसतायत का गं?" बाबांनी विचारलं.

आणि मी म्हटलं, "हो बाबा. आहेत की."

एकदा तोंडातून गेलं म्हटल्यावर थांबता येईना. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले आणि धावतं समालोचन सुरू केलं. लांब आहेत, पलीकडच्या वाळूवर. खूप आहेत. अख्खा पट्टा भुरकट दिसतोय. आता थोडे उडाले, वळले, परत बसले. बाबा दुर्बीण हलवत होते, मान डोलावत होते.

"चोच लांब आहे?"

"लांबच लांब."

"टोकाला वर वळलेली?"

"हो, थोडीशी."

"आणि पोट? तांबूस आहे का?"

"अगदी तांबूस," मी म्हटलं. "विटेसारखं."

बाबांनी दुर्बीण खाली घेतली. "तांबूस पोट घेऊन मेमध्ये इथं बसला असेल तर त्याला डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. तो रंग लग्नाचा असतो. ज्यांना तो चढतो ते केव्हाच अलास्काला जातात."

लांबून एक बार झाला.

"मार्चमध्ये निघतात ते," बाबा म्हणाले. "किती वर्षं वाचतोय मी त्यांच्यावर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मग?"

"फोनवर माहीत होतं? मी मे म्हटलं तेव्हा?"

"हो."

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते, म्हणून चिडले. "मग बोलायचं नाही का? मी येडी भरतीची कोष्टकं काढत बसले, त्या बिचाऱ्या माणसाला नाही नाही ते बोलले..."

"ऐकलं मी. अलास्कात ऐकू गेलं असेल." त्यांनी थर्मास चाचपून काढला आणि टोपणात चहा ओतला, बोट आत धरून, चहा बोटाला लागेपर्यंत. "बोललो असतो तर काय केलं असतंस? पुढं ढकललं असतंस. सप्टेंबर म्हणाली असतीस. सप्टेंबरात तुझं काहीतरी निघालं असतं. डॉक्टर मला काय म्हणाले ते मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. म्हणाले, वाचायचं सोडा, वर्षानं माणसांचे चेहरे ओळखू येतील याची खात्री नाही." त्यांनी घोटभर चहा घेतला. "पाणटिवळे काय, दर वर्षी येतात."

मला त्यांची दारातली खुर्ची आठवली, वाकडी मान आठवली, आणि माझी ती ठरलेली जागा, फ्रिजजवळची.

"आता ऊठ," बाबा म्हणाले, "आणि डावीकडं येऊन बस. या अंगानं अजून बरं दिसतं. समोर आलीस की नुसता डाग दिसतो."

मी उठले आणि त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. त्यांनी कानटोपी वर सरकवली, मान वळवली आणि माझ्याकडे तिरके बघत राहिले, पुष्कळ वेळ. मी हलले नाही.

"पांढरे झाले की गं केस तुझे," बाबा म्हणाले.